राज्य बदलतोय, काळजी करू नका

एडिसन, न्यू जर्सी
१६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचा परवाचा लांबलचक मेसेज नीट वाचला आणि ठरवलं, याचं उत्तर फोनवर नको. फोनवर आईचा आवाज बदलतो, मग मी घाईघाईने "होईल गं सगळं नीट" म्हणते आणि मुद्दा तिथेच राहतो. आम्ही तिघंही मजेत आहोत. रेवाचा खोकला पूर्ण गेला. बाकी रोजचं तुम्हाला रोज कळतंच.

तर हो, नॉर्थ कॅरोलायना राज्यात राहायला जायचं नक्की झालं. राली शहराला लागून केरी म्हणून गाव आहे, तिथे. अभिजितची सगळी टीम तिथल्या रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये हलते आहे, हे तुम्हाला गणपतीतच सांगितलं होतं. हे पार्क १९५९ सालचं, तीन विद्यापीठांच्या मधोमध वसवलेलं. कंपनी उद्या बदलायची वेळ आली तरी त्याच रस्त्यावर दुसऱ्या कंपन्या आहेत. नुसत्या बदलीच्या हुकमावर आम्ही निघालेलो नाही, वर्षभर तीन राज्यं कागदावर मांडून बसलो होतो.

बाबा, तुम्ही विचारलंत, "सगळं बस्तान बसलेलं असताना न्यू जर्सी का सोडता?" ओक ट्री रोडवर उतरलं की कढीपत्त्यापासून चकलीच्या भाजणीपर्यंत सगळं मिळतं, गणपतीला आरतीला माणूस कमी पडत नाही, हे मलाही सोडवत नाही. पण इथे आम्ही अजून भाड्याच्या दोन खोल्यांत आहोत आणि इथली घरपट्टी सगळ्या अमेरिकेत जास्त. राज्याची सरासरीच वर्षाला १०,००० डॉलरच्या आसपास जाते. घराचं कर्ज फिटलं तरी ती घरपट्टी जन्मभर भरायचीच. टेक्सासचाही विचार केला. सुहासदादा तिथल्या फ्रिस्कोहून दर आठवड्याला फोन करून बोलावत होता. तिथे राज्याचा आयकर अजिबात नाही, पण ती कसर घरपट्टीत भरून काढतात, आणि शिवाय अभिजितला नवी नोकरी शोधावी लागली असती. नॉर्थ कॅरोलायनात आयकर सगळ्यांना एकाच दराने, यंदा सव्वाचार टक्के, जानेवारीपासून चारच्या आत येतोय. घरपट्टी इथल्यापेक्षा खूपच कमी. एवढा हिशेब केल्यावरच पाऊल उचललं.

वादळांचं म्हणाल तर टीव्हीवर तुम्ही पाहिलंत ते मागच्या वर्षीचं हेलेन. त्यात ॲशव्हिल आणि आसपासची डोंगरातली गावं वाहून गेली. ते राज्याच्या पश्चिम टोकाला, केरीपासून चारशे किलोमीटरवर. नकाशात राज्य एक दिसतं, पण ते आडवं लांबच लांब पसरलेलं आहे. केरीला वादळ येतच नाही असं मी म्हणणार नाही, समुद्रावरून आलेली वादळं तिथपर्यंत पाऊस-वारा घेऊन पोचतात. पण मी सांगलीची मुलगी आहे. घर बघायला गेले तेव्हा स्वयंपाकघर बघायच्या आधी पुराचा सरकारी नकाशा उघडून बसले. एक घर अभिजितला फार आवडलं होतं, मागे सुंदर ओढा होता. त्या ओढ्यामुळेच मी नाही म्हटलं. जे घेतलंय ते चढावर आहे, पूररेषेच्या पूर्ण बाहेर. आणि ऑगस्ट २०१९ ला कृष्णा आपल्या जिन्यापर्यंत आली तेव्हा "आता सांगली सोडा" असं मी किती विनवलं, आठवतंय ना? आजी म्हणाली होती, पाणी येतं तसं जातं. मी इथे फोन हातात घेऊन बसले होते आणि तुमचा फोन लागत नव्हता. त्यामुळे पाण्याची काळजी कशी असते ते मला सांगायला नको.

आता व्हिसाचं. नोकरीच्या एच-१बी व्हिसावर लावलेल्या एक लाख डॉलर शुल्काचं ते प्रकरण आपल्याला लागू नाही. ते बाहेरून नव्याने येणाऱ्यांच्या अर्जाला आहे, इथे आधीपासून असणाऱ्यांच्या मुदतवाढीला किंवा कामाची जागा बदलण्याच्या अर्जाला नाही. तसं लेखी स्पष्टीकरण ऑक्टोबरमध्ये आलंय. अभिजितचा जागाबदलाचा अर्ज कंपनीच्या वकिलांनी भरला, पावतीही आली. ग्रीन कार्डाची रांग आहे तिथेच आहे. आपल्या रांगेत सध्या २०१३ साली अर्ज केलेल्यांचा नंबर लागतोय. कुठल्याही एका देशाला वर्षाच्या कोट्यातला सात टक्क्यांहून जास्त वाटा द्यायचा नाही असा नियम आहे, त्यामुळे राज्य कुठलंही निवडा, रांग तीच. नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठच दिवस मिळतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं ते मी ओळखलं. काकांना सांगा, तो नियम न्यू जर्सीतही तोच आहे. रांग सरकेपर्यंत भाड्याच्या घरात थांबायचं म्हटलं तर रेवाचं बालपण इथेच संपेल.

आई, आता शाळेचं. तू तीनदा विचारलंस आणि तीनही वेळा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. तिथल्या बऱ्याच शाळांना उन्हाळ्याची मोठी सुट्टीच नसते. शाळा बारा महिने चालू. पण मुलांना जास्त दिवस शाळा असते असं नाही, वर्षाचे दिवस बाकीच्या शाळांइतकेच. शाळेतल्या सगळ्या मुलांचे चार गट करतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. एक गट नऊ आठवडे शाळेत जातो आणि मग तीन आठवडे घरी. चार गटांच्या सुट्ट्या पुढेमागे लावलेल्या, त्यामुळे कधीही बघा, तीन गट शाळेत आणि एक गट घरी. आपल्याकडे कॅनॉलच्या पाण्याच्या पाळ्या असतात तशा या सुट्टीच्या पाळ्या. पाळी आली की म्हणतात, पोरं ट्रॅक-आउट झाली. वर्ष सुरू होतं जुलैत. समोरच्या घरातली मुलं शाळेत निघालेली आणि आपली अंगणात खेळतायत, असं चित्र तिथे कायम.

हे कशासाठी, तर माणसं फार झाली. वेक काउंटी म्हणजे तिथला जिल्हा. २००० साली तिथे सव्वासहा लाख लोक होते, २०२० च्या जनगणनेत अकरा लाखांच्या वर गेले. एवढ्या शाळा बांधणार कधी? तीन गटांच्या जागेत चार गट बसवले की त्याच इमारतीत एक तृतीयांश मुलं जास्त मावतात. शाळा बघायला गेलो तेव्हा एक बाई आपला अख्खा वर्ग चाकांच्या कपाटांत भरत होत्या. भिंतीवरचे तक्ते, गोष्टीची पुस्तकं, रंगांचे डबे, मुलांच्या नावाच्या पट्ट्या, सगळं. त्यांचा गट सुट्टीवर निघाला होता आणि सोमवारी त्या खोलीत दुसरा वर्ग येणार होता. तीन आठवड्यांनी परतल्यावर दुसरी खोली, पुन्हा सगळं लावायचं. मला त्या बाईंचं फार कौतुक वाटलं. घरातली सगळी भावंडं एकाच गटात ठेवतात, आणि गट आपण मागू शकतो, पण जागा असेल तो मिळतो. नेहमीच्या वेळापत्रकाच्या शाळाही आहेत. आपल्या पत्त्याला मात्र ही आली.

आई, तुला लगेच काय वाटलं असेल ते मला कळतंय. म्हणजे आता जुलै-ऑगस्टची नातीची सुट्टी गेली. हो, ती गेली. महिना-दीड महिना रेवा तुमच्याकडे राहायची, आजीच्या मांडीवर बसून कैरीचं लोणचं चाखायची, तेवढं सलग आता जमणार नाही. पण इथल्या शाळेला दिवाळीत सुट्टी असून नसल्यासारखी, म्हणून रेवाने अजून सांगलीची दिवाळी पाहिलेली नाही. तिथे गट जुळला तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन आठवडे मिळू शकतात. मी अर्जात तोच गट पहिला लिहिलाय. मिळेलच असं आत्ता कबूल करत नाही, पण घर निवडताना हे माझ्या डोक्यात होतं एवढं खरं.

विमानाचंही सांगून टाकते. इथून मुंबईला थेट विमान होतं, रालीहून नाही. लंडन, पॅरिस किंवा फ्रँकफर्टला बदलावं लागेल. अडीअडचणीला मला पोचायला पाच-सहा तास जास्त लागतील. हे मला ठाऊक आहे आणि रात्री कधीतरी तेच डोक्यात फिरतं. तुम्हाला विमानतळावर चालावं लागू नये म्हणून व्हीलचेअर तिकिटासोबतच सांगता येते, बाबा, त्यात कमीपणा काही नाही.

आणि घर तुमच्यासाठीच शोधलंय असं म्हटलं तर खोटं होणार नाही. इथल्या घरांत झोपायच्या खोल्या सगळ्या वर असतात, खाली फक्त बैठक आणि स्वयंपाकघर. बाबांचे गुडघे बघता ते उपयोगाचं नव्हतं. खाली स्वतंत्र खोली आणि तिला लागून न्हाणीघर, एवढी एकच अट मी धरून बसले होते. न्यू जर्सीत तसं घर आमच्या ऐपतीबाहेर होतं, केरीत मिळालं. खोलीला पूर्वेची खिडकी आहे. न्हाणीघरात आंघोळीच्या टबाचा उंच कठडा होता, तो काढून सपाट करून घ्यायचं ठरवलंय. तुमचा व्हिसा आहेच, सहा महिने या. आई, बालाजीचं देऊळ केरीतच आहे. २०२२ ला त्याचं नवं ८७ फुटी गोपुर झालं, उद्घाटनाला राज्याचे गव्हर्नर आले होते. आणि रताळी अमेरिकेत सगळ्यात जास्त याच राज्यात पिकतात, त्यामुळे तुझ्या एकादशीची सोय झाली. मराठी शाळा तिथेही भरते, रेवाचं नाव घातलंय.

पैशाचं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात घर नावावर होईल. कर्ज ३० वर्षांचं, सव्वासहा टक्क्यांच्या आसपास. तिथे एक वेगळी रीत आहे. विसाराशिवाय आणखी एक रक्कम थेट घरमालकाला द्यावी लागते, आणि आपण मागे फिरलो तर ती परत मिळत नाही. ती देऊन झाली, म्हणजे आता मागे फिरणं नाही. त्यामुळे पुढचे चार-पाच महिने दरमहा पाठवते त्यातलं निम्मंच पाठवता येईल. आजीच्या औषधांचं आणि बाईंच्या पगाराचं त्यात बसतं, मी हिशेब केलाय. बसलं नाही तर मला सांगा, मनात ठेवू नका. प्रसादच्या लग्नाच्या कार्यालयाचे राहिलेले पैसे मात्र मीच देणार, ते मी बाजूला काढून ठेवले होते आणि त्यांना हात लावलेला नाही. डॉलर ८८ च्या वर गेलाय, म्हणून या आठवड्यातच पाठवते.

साखरपुड्याला मी नसेन. सामान, शाळा, घर, सगळं त्याच दिवसांत येतंय. व्हिडिओवर मला सुरुवातीपासून बसवा, शेवटी पाच मिनिटं नको. लग्नाला मी आणि रेवा नक्की येतोय, माझ्या व्हिसाची मुदत ऑगस्टपर्यंत आहे. करवली मीच, दुसऱ्या कुणाला उभं करू नका. अभिजितला येता येणार नाही. त्याच्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली आहे, तो तिकडे आला तर मुंबईत मुलाखत देऊन नवा शिक्का घेतल्याशिवाय परतता येणार नाही, आणि तारीख लांबली तर नोकरी आणि घराचा हप्ता दोन्ही अडकेल. त्याला फार वाईट वाटतंय, तो बोलून दाखवत नाही. मुलीकडच्यांना हे आधीच नीट समजावून सांगा, नाहीतर मांडवात कुजबुज होईल. जावई रुसलाय असं कुणी म्हणायला नको. प्रसादला मी वेगळं लिहितेय.

आजीला साष्टांग नमस्कार. प्रसादला आशीर्वाद.

तुमची,
अश्विनी

ता. क. बाबा, मिरज रोडचा प्लॉट विकून मला पैसे द्यायचा विचार तुम्ही आईजवळ बोललात म्हणे. तो पूर्ण काढून टाका. तो प्लॉट तुमच्या म्हातारपणासाठी आहे आणि प्रसादच्या संसारासाठी आहे. आम्हाला कमी पडलेलं नाही. नवीन वहिनीच्या ब्लाउजचं माप आणि तिला आवडणारा रंग मात्र या आठवड्यात कळवा, पैठणी मी आल्यावर तिच्यासोबत जाऊनच घेणार आहे, पण येवल्याच्या विणकरांना आधी सांगावं लागतं.