चारही ट्रान्समीटर एकाच वेळी बदलू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

जुन्या अणुवीज केंद्रांचं आयुष्य 40 वरून 60 आणि काही ठिकाणी तर 80 वर्षांपर्यंत वाढवायचं चाललंय, त्यावरचा आपल्या पेपरातला लेख वाचला. लेख चांगला होता, पण त्यात जाता जाता एक वाक्य आलं की प्रेशर मोजणारी जुनी उपकरणं काढून नवीन मॉडेल बसवली की तो प्रश्न मिटतो, आणि तिथे मी अडखळलो. माझी सगळी नोकरी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेली, अणुवीजमध्ये नाही, केमिकल प्लांटमध्ये, पण ट्रान्समीटर (प्रेशर मोजून त्याचा विजेचा सिग्नल पाठवणारं उपकरण) तोच, त्याला तपासताना प्रेशर द्यायचा हँडपंप तोच आणि कॅलिब्रेशन (म्हणजे रीडिंग तपासून बरोबर जुळवणं) करताना तोंडातून निघणाऱ्या शिव्याही त्याच, म्हणून म्हटलं चार ओळी लिहाव्यात. बदलायला माझा विरोध नाहीये हे आधीच सांगतो. माझं म्हणणं एवढंच की कसं आणि कधी बदलता त्यावर सगळं आहे, आणि घाईत सगळे एकदम बदलले तर आगीतून फुफाट्यात पडायची वेळ येऊ शकते.

आधी हे लक्षात घ्या की अणुभट्टीत प्रेशर ट्रान्समीटर फक्त प्रेशर मोजत नाही. पाण्याची लेव्हल, पाइपातला फ्लो हे पण बहुतेक ठिकाणी दोन प्रेशरमधला फरक मोजूनच काढतात, त्याला आमच्यात डीपी म्हणतात. दाबित पाण्याच्या भट्टीत साधारण 155 बार प्रेशर असतं, उकळत्या पाण्याच्या भट्टीत 70 च्या आसपास, आणि हे आकडे पडले किंवा चढले की भट्टी आपोआप ट्रिप (म्हणजे झटकन बंद) करायची का, आणीबाणीचं पाणी सोडायचं का, हे सगळं त्या डब्यातून निघणाऱ्या 4 ते 20 मिलीअँपच्या सिग्नलवर ठरतं. कंट्रोल रूममधल्या माणसाला भट्टीच्या आतलं डोळ्यांनी काही दिसत नाही, त्याला दिसतात ते हेच आकडे.

आता एक गोष्ट सविस्तर सांगतो कारण सगळी मेख तिथेच आहे. 70-80 च्या दशकापासून अणुवीज केंद्रांत जे ट्रान्समीटर बसले त्यातला एक मोठा वर्ग रोजमाउंट कंपनीच्या 1153 आणि 1154 मॉडेलचा. आत एक छोटी सीलबंद कॅप्सूल असते, मधे पातळ धातूचा पडदा, दोन्ही बाजूंना कपॅसिटरच्या प्लेटा, आणि उरलेली जागा सिलिकॉन तेलाने भरलेली. बाहेरचं प्रेशर तेलातून त्या पडद्यापर्यंत पोचतं आणि पडदा हलतो, किती हलतो तर फुल रेंजला जेमतेम 0.1 मिलिमीटर. एवढ्याशा हालचालीवर एवढं मोठं यंत्र चालू ठेवायचं की बंद करायचं हे ठरतं.

तर 1986-87 मध्ये अमेरिकेतल्या मिलस्टोन केंद्राच्या युनिट 3 मध्ये यातले पाच ट्रान्समीटर बिघडले, आणि शोधल्यावर कळलं की कॅप्सूलच्या काच-धातूच्या सीलमधून तेल हळूहळू गळतंय. थेंबभर सुद्धा नाही, पण जागाच इतकी कमी की तेवढं पुरतं. आणि गंमत (गंमत कसली, काळजीची गोष्ट) अशी की तेल कमी झालेला ट्रान्समीटर बंद पडत नाही, प्रेशर स्थिर असेल तर तो बराच काळ ठीकठाक रीडिंग देत राहतो. फक्त प्रेशर झपकन बदललं की तो मागे राहतो, किंवा रेंजच्या टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणजे रोजच्या दिवशी शहाण्यासारखा वागतो आणि नेमका ज्या मिनिटासाठी त्याला तिथे बसवलाय त्या मिनिटाला दगा देतो!

अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने मार्च 1990 मध्ये यावर बुलेटिन 90-01 काढलं आणि डिसेंबर 1992 मध्ये त्याची पुरवणी. त्यात लक्षणं दिली होती, ती कुठल्याही इन्स्ट्रुमेंटवाल्याने पाठ करावीत अशी आहेत. रीडिंग एकाच दिशेने सरकत राहणं, कॅलिब्रेशनला झिरो आणि स्पॅन (म्हणजे रेंजची दोन टोकं) नीट न लागणं, आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे सिग्नलमधला नॉइज कमी होणं. वाहत्या पाण्याचं प्रेशर कधीच एकदम गुळगुळीत नसतं, चांगला ट्रान्समीटर ती थरथर दाखवतो. रेकॉर्डरवर रेघ फारच सरळ आणि शांत यायला लागली की नवीन माणूस खूश होतो, जुना माणूस म्हणतो हा मेला वाटतं. याच तत्त्वावर नॉइज अॅनालिसिस चालतं, म्हणजे ट्रान्समीटर न काढता, प्लांट चालू असतानाच सिग्नलमधली थरथर तपासून तो किती चपळ आहे ते काढायचं.

आता मुद्द्यावर येतो. सुरक्षेसाठी एकच प्रेशर मोजायला तीन किंवा चार ट्रान्समीटर लावतात, आणि चारपैकी दोघांनी ओरड केली तर भट्टी ट्रिप होते. एक खोटं बोलला तर बाकीचे त्याला हाणून पाडतात, आणि ऑपरेटर पण शिफ्टला चारही आकडे शेजारी शेजारी ठेवून बघतो की कोणी वेगळं बोलतंय का. छान पद्धत आहे. पण ही सगळी पद्धत एका गृहीतावर उभी आहे की चौघं एकाच वेळी एकाच कारणाने बिघडणार नाहीत. तुम्ही एकाच शटडाऊनमध्ये चारही जुने काढून एकाच मॉडेलचे, एकाच बॅचचे चार नवीन लावले आणि त्या बॅचमध्येच दोष निघाला तर चौघं मिळून सारखंच खोटं बोलणार, आकडे जुळणार, ऑपरेटर सही करणार, आणि मतदानाचा काही उपयोग होणार नाही. आणि हे नुसतं कल्पनेतलं नाहीये, तेल गळण्याचा दोष बनवतानाचाच होता, म्हणून तर त्या बुलेटिनमध्ये कुठल्या तारखेआधी बनलेला माल हा विचार करावा लागला.

मग जुनेच ठेवायचे का? नाही. या उपकरणांना अणुवीजसाठी पास करताना नमुना ओव्हनमध्ये भाजून आधी म्हातारा करतात, मग रेडिएशन देतात, भूकंपाच्या टेबलावर हलवतात आणि शेवटी अपघातात असते तशा गरम वाफेत कोंडतात, आणि त्यातून टिकला तर त्याला अमुक वर्षं असं आयुष्य ठरवून देतात. ते आयुष्य तापमानावर असतं, ढोबळ हिशोब असा की आजूबाजूचं तापमान 10 अंश वाढलं की आतल्या रबराचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणजे एकाच दिवशी बसवलेले दोन ट्रान्समीटर, एक थंड खोलीत आणि एक वाफेच्या पाइपाशेजारी, सारख्या वयाचे नसतातच. त्यामुळे सरसकट 'वीस वर्षं झाली, बदला' हे पण चूक आणि 'अजून चालतोय ना' हे तर त्याहून चूक, कारण रोज चालणं आणि अपघाताच्या वाफेत चालणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. ओ-रिंग वाळली असेल तर ते रोजच्या रीडिंगमध्ये कळतच नाही.

दुसरं म्हणजे स्पेअर. बऱ्याच कंपन्या या धंद्यातून बाहेर पडल्या, ऑर्डरी थोड्या आणि कागद ढीगभर, कोण करणार. मग एकाचा पार्ट काढून दुसऱ्याला लावायचा प्रकार सुरू होतो. आणि ज्याला त्या जुन्या मॉडेलच्या खोड्या माहीत होत्या तो माणूस रिटायर होतो. माझ्या मते बदलायचं खरं कारण हे आहे.

नवीन मॉडेलबद्दल. बाहेर इंडस्ट्रीत आता सगळीकडे स्मार्ट ट्रान्समीटर आहेत, आत मायक्रोप्रोसेसर, स्वतःची तब्येत स्वतः सांगतात, ड्रिफ्ट (रीडिंग हळूहळू सरकणं) कमी, मी वापरलेत आणि मला आवडतात. पण भट्टीच्या कंटेनमेंटमध्ये (भट्टीभोवतीच्या बंदिस्त इमारतीत) ते तसेच नेऊन लावता येत नाहीत. साधी बाजारातली चिप रेडिएशनपुढे फार टिकत नाही, म्हणून अणुवीजसाठी बनणारे बरेचसे 'नवीन' ट्रान्समीटर आतून अजून अॅनालॉगच असतात, हे लोकांना खरं वाटत नाही. बाहेरच्या भागात स्मार्ट लावला तर वेगळी डोकेदुखी, चारही चॅनलमध्ये (एकेका ट्रान्समीटरची वेगळी लाइन म्हणजे चॅनल) एकच सॉफ्टवेअर म्हणजे एकच चूक चार ठिकाणी. शिवाय डॅम्पिंग. फॅक्टरीतून येताना सिग्नल शांत दिसावा म्हणून जे डॅम्पिंग सेट असतं ते तसंच राहिलं तर ट्रान्समीटर सेकंदाचा काही भाग उशिरा बोलतो. टाकीच्या लेव्हलला चालून जाईल, भट्टीच्या ट्रिपला नाही, कारण तिथे सुरक्षेचं अख्खं गणित ठरावीक वेळात सिग्नल पोचेल असं धरून केलेलं असतं.

आणि नवीन मालाचे स्वतःचे आजार असतात. त्याच मिलस्टोन 3 मध्ये एप्रिल 2005 मध्ये स्टीम लाइनचं प्रेशर पडलं असा सिग्नल आला आणि भट्टी ट्रिप झाली, प्रत्यक्षात प्रेशर पडलंच नव्हतं. सुरक्षा यंत्रणेच्या एका सर्किट कार्डवर कथलाचा केसासारखा बारीक तंतू वाढून शॉर्ट झाला होता. शुद्ध कथलाचा मुलामा असला की असे तंतू आपोआप उगवतात, त्यात शिसं मिसळलेलं असेल तर हा त्रास खूप कमी होतो, आणि आता तर शिशाशिवायचा माल सगळीकडे आलाय. तेव्हा नवीन ट्रान्समीटर घेताना आतल्या कार्डावर मुलामा कसला आहे हे विचारणं हा भोचकपणा नाही.

अजून एक, ट्रान्समीटर बदलून ट्रान्समीटरपर्यंत येणारी नळी सुधारत नाही. फुकुशिमाला 2011 मध्ये युनिट 1 चं लेव्हल इंडिकेटर इंधनाच्या वर पाणी आहे असं दाखवत होतं तेव्हा आत इंधन उघडं पडून वितळायला लागलं होतं. दोष ट्रान्समीटरचा नव्हता, तुलनेसाठी जी पाण्याने भरलेली नळी असते तिच्यातलंच पाणी उष्णतेने उडून गेलं होतं. तिथे कितीही भारी मॉडेल लावलं असतं तरी त्याने तेच सांगितलं असतं. नळीत हवा, नळीत गाळ, व्हॉल्व्ह अर्धवट उघडा, हे प्रकार मी इतके पाहिलेत की रीडिंग चुकलं म्हणून ट्रान्समीटर बदलायला निघालेल्या माणसाला मी आधी नळीकडे पाठवायचो. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची सवय आमच्या धंद्यात फार.

म्हणून बदलायचे तर टप्प्याने बदला. एका शटडाऊनला एक किंवा दोन चॅनल, आणि उरलेल्या जुन्या चॅनलशी नवीन कसा जुळतो ते एक पूर्ण सायकल बघा, म्हणजे दीड-दोन वर्षं. जमलं तर दोन वेगळ्या पद्धतीचे, किमान वेगळ्या बॅचचे घ्या. हो, यात खर्च वाढतो, दोन प्रकारचे स्पेअर, दोन प्रकारचं ट्रेनिंग, ट्रिपचे सेटपॉइंट (किती आकड्याला भट्टी बंद व्हायची ते) नव्याने काढावे लागतात कारण नव्या उपकरणाची अचूकता वेगळी, आणि वजन वेगळं म्हणून ब्रॅकेटचं भूकंपाचं गणित पण परत. मॅनेजमेंटला हे आवडत नाही ते मला माहितीये. आणि काढलेले जुने ट्रान्समीटर भंगारात टाकायच्या आधी त्यातले थोडे उघडून, तपासून, परत वाफेत घालून बघा की ठरवलेलं आयुष्य खरं होतं की नुसतं कागदावर होतं, किरणोत्सारी झालेले असतात म्हणून हे काम कटकटीचं आहे, तरी पण करा.

आणि आपल्या पेपरने पुढच्या वेळी आयुष्य वाढवण्याची बातमी देताना त्या केंद्राला एवढे दोन प्रश्न विचारावेत, ठरवून दिलेलं आयुष्य संपलेली किती प्रेशर उपकरणं आज सुरक्षेच्या चॅनलमध्ये आहेत, आणि मागच्या शटडाऊनला जे बदलले ते एकाच बॅचचे होते का.

कळावे,
इन्स्ट्रुमेंटेशनमधून निवृत्त झालेला एक वाचक