सेटअपलाही गुण द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ या पट्ट्यातील अभियांत्रिकी आणि पदविका महाविद्यालयांत अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मोबाइल ॲप निवडणारे गट हल्ली पुष्कळ दिसतात, आणि एकदा लिहिलेला कोड अँड्रॉइड व आयफोन दोन्हींवर चालावा म्हणून त्यांतले बरेचसे फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह या ॲप बांधण्याच्या साधनसंचांकडे वळतात. महापे येथील एका कंपनीत मी हेच काम करत असल्यामुळे सोसायटीतली आणि नात्यातली मुले प्रकल्प अडला की लॅपटॉप घेऊन घरी येतात. त्यांचा कोड क्वचितच चुकलेला असतो. ॲपचा पहिला पडदा दिसण्याआधी लॅपटॉपवर साधने बसवण्यातच, म्हणजे सेटअपमध्येच, त्यांचे आठवडे गेलेले असतात, आणि या खटपटीची दखल प्रात्यक्षिक परीक्षेत कुठेच घेतली जात नाही.

एक नेहमीचे उदाहरण देतो. वरच्या वर्गातून आलेला जुना फ्लटर प्रकल्प विद्यार्थी नव्या लॅपटॉपवर उघडतो आणि बिल्ड, म्हणजे कोडपासून ॲप बांधणे, सुरू करताच ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५’ असा संदेश येतो. अँड्रॉइडचे ॲप बांधणारी साधने जावावर चालतात, आणि यातला ६५ म्हणजे जावाची २१ वी आवृत्ती. जावा १७ असता तर तिथे ६१ दिसला असता. २०२४ च्या उत्तरार्धात आलेल्या अँड्रॉइड स्टुडिओ या ॲप लिहिण्याच्या सॉफ्टवेअरच्या लेडीबग आवृत्तीसोबत जावा २१ येऊ लागला, वेगळे काही सांगितले नाही तर फ्लटर तोच जावा उचलतो, आणि जुन्या प्रकल्पात नोंदलेली ग्रेडल या बिल्ड करणाऱ्या साधनाची सातव्या मालिकेतली आवृत्ती त्याला ओळखत नाही. ग्रेडल जावा २१ वर चालते ते ८.५ पासून पुढे. तेव्हा एकतर कोणती ग्रेडल वापरायची ते ठरवणाऱ्या, प्रकल्पातील ग्रेडल रॅपरच्या फाइलीत आवृत्ती वाढवून तिला जुळणारा अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन हा जोडघटक घ्यायचा, नाहीतर जावा १७ वेगळा बसवून त्याच्या फोल्डरचा पत्ता फ्लटरला द्यायचा. माहितगाराला हे काम थोड्या वेळाचे आहे. विद्यार्थी मात्र अँड्रॉइड स्टुडिओ काढून पुन्हा बसवतो, मग फ्लटर पुन्हा बसवतो, शेवटी विंडोजच नव्याने टाकून घेतो. आणि संदेश तोच राहतो, कारण नव्याने उतरवलेल्या अँड्रॉइड स्टुडिओतही जावा २१ च असतो.

संदेश न वाचण्याची ही सवय माझ्या मते सर्वांत महागात पडते. बिल्ड फसले की ग्रेडल पडदाभर मजकूर ओतते हे खरे, पण त्यातल्या ‘व्हॉट वेंट राँग’ या शीर्षकाखालच्या चार ओळी आणि सर्वांत खालचे ‘कॉज्ड बाय’ एवढे वाचले तरी दोषाची दिशा बहुधा कळते. ‘फ्लटर डॉक्टर’ ही आज्ञा तर त्याहून सरळ आहे: कमांड लाइन टूल्स नाहीत, एसडीकेचे, म्हणजे अँड्रॉइडच्या मूळ साधनसंचाचे, परवाने स्वीकारलेले नाहीत, असे ती स्वच्छ सांगते आणि पुढे काय करायचे तेही लिहून देते. मुले मात्र संदेशाची पहिली ओळ यूट्यूबवर शोधतात आणि जुन्या व्हिडिओत पाहून जेसेंटर या तयार कोडच्या भांडाराची ओळ आपल्या फाइलीत टाकतात, जे बंद होणार असल्याचे २०२१ मध्येच जाहीर झाले होते.

पदविकेच्या मोबाइल ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट या विषयात जेडीके (जावाचा साधनसंच), अँड्रॉइड स्टुडिओ आणि एसडीके बसवण्याचे प्रात्यक्षिक आहे. माझ्या पाहण्यात आलेल्या वह्यांत ते मागल्या वर्षीच्या वहीतून चित्रांसह उतरवलेले असते, आणि त्यात मुलांचाच दोष आहे असे म्हणवत नाही. लॅबमधील यंत्रावर त्यांना ॲडमिनचे अधिकार नसतात. काही ठिकाणी यंत्र बंद होताच ड्राइव्ह पूर्ववत करणारे सॉफ्टवेअर असते, त्यामुळे सकाळी उतरवलेली एसडीके दुपारच्या बॅचला सापडत नाही. जिथे इंटरनेट प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फत, येते तिथे ब्राउझर सुरळीत चालतो, पण ग्रेडलला बाहेरचे काहीच मिळत नाही, कारण प्रॉक्सीचा पत्ता ‘ग्रेडल प्रॉपर्टीज’च्या फाइलीत वेगळा लिहावा लागतो, हे कुणी सांगितलेले नसते. लॅबभर यंत्रे आणि एकटा लॅब असिस्टंट अशा स्थितीत त्यानेही किती पुरे पडावे?

घरच्या लॅपटॉपवर वेगळीच तऱ्हा. ८ जीबी रॅमवर अँड्रॉइड स्टुडिओ, ग्रेडल आणि एमुलेटर (लॅपटॉपच्या पडद्यावरचा नकली फोन) एकदम चालवणे म्हणजे सकाळच्या ठाणे–वाशी लोकलमध्ये पलंग घेऊन चढणे. अशा वेळी एमुलेटरचा नाद सोडून स्वतःचा अँड्रॉइड फोन जोडावा. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात यूएसबी डिबगिंग सुरू करायचे. तरीही जोडलेल्या उपकरणांच्या यादीत फोन दिसला नाही तर आधी केबल बदलून पाहावी, कारण काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात; आणि ‘अनऑथराइज्ड’ असे दिसले तर फोनच्या पडद्यावर परवानगीची चौकट वाट पाहत असते. विंडोजच्या वापरकर्त्याच्या फोल्डरचे नाव देवनागरीत असेल तर अँड्रॉइडचे बिल्ड तेवढ्यावरूनही अडू शकते. मराठीतून पत्र लिहिणाऱ्याने हा सल्ला द्यावा हे मलाच खटकते, पण प्रकल्प रोमन लिपीतल्या, मध्ये मोकळी जागा नसलेल्या, लहानशा नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेला बरा.

स्टेशनबाहेर खासगी क्लासच्या जाहिराती ‘एका कोडमध्ये दोन ॲप’ असे आश्वासन देतात. कोड एक असतो हे खरे, पण आयफोनचे ॲप बांधायला ॲपलचे एक्सकोड हे सॉफ्टवेअर लागते, ते फक्त मॅकवर चालते, आणि ॲप स्टोअरवर ॲप ठेवायचे तर वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. गूगल प्लेचे शुल्क एकदाच २५ डॉलर आहे. विद्यार्थ्याला हे प्रवेश घेतानाच सांगायला हवे. महाविद्यालयांनी विभागात निदान एक मॅक मिनी ठेवावा. तोवर गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर सार्वजनिक ठेवलेल्या प्रकल्पांना मॅकवर बिल्ड करण्याची सोय फुकट मिळते, तिचा उपयोग शिकवावा.

माझी विनंती फार खर्चाची नाही. प्रत्येक सत्राच्या आरंभी विभागाने फ्लटर, जावा, ग्रेडल आणि अँड्रॉइड स्टुडिओ यांच्या एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्या स्वतः चालवून पाहून सूचना फलकावर लावाव्यात आणि त्यांच्या फाइली लॅबच्या सर्व्हरवर ठेवाव्यात, म्हणजे प्रत्येकाला त्या इंटरनेटवरून उतरवाव्या लागणार नाहीत. सत्र संपेपर्यंत त्यांत बदल नको, नवी आवृत्ती कितीही मोहात पाडो. प्रकल्प पुढच्या वर्गाकडे देताना ग्रेडल रॅपर आणि पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या लॉक फाइली सोबत दिल्या नसतील तर तो स्वीकारूच नये. आणि तोंडी परीक्षेत एक मुद्दाम बिघडवलेला प्रकल्प समोर ठेवावा, जावाचा मार्ग चुकवलेला किंवा ग्रेडलची आवृत्ती जुनी केलेली. विद्यार्थ्याने संदेश वाचून दोष कुठे आहे ते सांगावे. नेमका सांगता आला तर दुरुस्ती वेळेत झाली नाही तरी अर्धे गुण द्यावेत.

आपला,
एक मोबाइल ॲप विकसक,
ऐरोली, नवी मुंबई