माडीवरचा ल्यूका

कोथरूड, पुणे
रविवार, दुपार

प्रिय सुध्या,

तुझं पत्र परवा मिळालं. चार पानांतली साडेतीन पानं चिन्मयच्या हेडफोनवर खर्च केलीस आणि काकूंच्या गुडघ्याला जेमतेम दीड ओळ. ते असो. पोरगं सोळा वर्षांचं झालंय, रात्री एमिनेम हा अमेरिकन रॅपर ऐकतं, आणि तू त्याच्या 'स्टॅन' गाण्याचे शब्द शोधून वाचलेस: गरोदर मैत्रिणीला डिकीत कोंडून गाडी पुलावरून खाली घालणारा माणूस. वर विचारतोस, "असलं गाणारा कसा असेल आणि ऐकणाऱ्याचं काय होईल?"

उत्तर देण्याआधी माझीच एक फजिती सांगतो.

हॉस्टेलवर आपल्याकडे ती टीडीकेची नव्वद मिनिटांची कॅसेट होती ना, डबल डेकवर भरून घेतलेली, तिच्यावर सुझान वेगा या अमेरिकन गायिकेचं 'ल्यूका' होतं. १९८७ सालचं गाणं. गिटार कशी खळखळत येते, चाल कशी हसरी. गॅदरिंगच्या आदल्या रात्री त्यावर मी जो काही नाचलो, त्याची टिंगल तू पुढे वर्षभर केलीस. आपल्याला वाटायचं, ल्यूका म्हणजे ती गाणारी बाईच, किंवा तिची कोणी छान मैत्रीण. उच्चार कळायचे नाहीत आणि कव्हरची झेरॉक्ससुद्धा नव्हती.

पुढे कितीतरी वर्षांनी शब्द वाचले. ल्यूका हा लहान मुलगा आहे. घरात मार खाणारा. गाणं सगळं त्याच्या तोंडी आहे. तो शेजाऱ्याला सांगतो, मी तुझ्या वरच्या मजल्यावर राहतो, रात्री काही आवाज आला, भांडणासारखं काही ऐकू आलं, तर मला विचारू नकोस. पुढे म्हणतो, मी दारावर आपटलो. मारणारा कोण, ते एकदाही सांगत नाही. मारतात असंसुद्धा धड सांगत नाही. (गाण्यातला 'सेकंड फ्लोअर' म्हणजे अमेरिकन हिशोबाने आपला पहिला मजला, म्हणजे माडीच की रे.) वेगा राहायची त्या इमारतीपुढे मुलं खेळायची, त्यांतल्या एकाचं नाव ल्यूका होतं आणि तो बाकीच्यांहून थोडा वेगळा वाटायचा. तिने त्याचं नाव तेवढं घेतलं. तो खरा मुलगा मार खाणारा नसावा, असं तिनेच सांगितलंय.

तर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची बाई आठ-दहा वर्षांचा मुलगा होऊन गाते. पण मला हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. त्या गाण्यात आणखी एक पात्र आहे, ज्याला एकही ओळ दिलेली नाही. खालच्या मजल्यावरचा शेजारी. ते पात्र म्हणजे ऐकणारा. म्हणजे मी.

तुला आपल्या वाड्यातला माडीवरचा तो आठवतो? नाव लिहीत नाही, तुला कळेल. भर वैशाखात लांब बाह्यांचा शर्ट घालायचा. 'घाटावर घसरलो', 'नळावर पडलो', नेहमी काहीतरी तयार असायचं. रात्री वर भांडी पडली की खाली आमच्याकडे रेडिओचा आवाज वाढायचा, तुमच्याकडे कडी लागायची. आपण त्याला खेळायला घ्यायचो, कैऱ्या द्यायचो, पण विचारलं कधीच नाही. त्यानेही कधी 'विचारू नका' असं म्हटलं नव्हतं. त्या अमेरिकन पोराने निदान ते तरी म्हटलं. शब्द कळल्यावर त्या दिवशी मी ते गाणं मध्येच बंद केलं. अजूनही लागलं की पूर्ण ऐकवत नाही.

तेव्हापासून एक खोड लागलीय. कुठलंही गाणं लागलं की आधी बघायचं, यातला 'मी' कोण? फार गमती निघतात. गेल्या डिसेंबरात भाचीच्या रिसेप्शनला डीजेने नवरानवरीच्या एन्ट्रीला 'द पोलीस' या बँडचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' लावलं. १९८३चं ते गाणं अमेरिकेत सलग आठ आठवडे पहिल्या नंबरवर होतं आणि जगभर लोकांनी लग्नांत वाजवलं. आणि त्यातला माणूस सांगतो काय? तू श्वास घेशील, पाऊल टाकशील, तिथे तिथे माझी नजर तुझ्यावर आहे. आपल्या आळीत कोणी मुलीच्या मागे असा फिरला असता तर चौकात धुलाई झाली असती. भाची लेहंगा सावरत पुढे, जावईबापू मागे. मी गपचूप जिलबी खाल्ली.

रँडी न्यूमन या अमेरिकन गायकाची तर मजाच. त्याने १९७७ साली 'शॉर्ट पीपल' काढलं. त्यात एक खुळचट माणूस बुटक्यांविषयी इतकं वाट्टेल ते बरळतो की शेवटी हसं त्याचंच व्हावं. गाणं अमेरिकेत दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं, आणि बुटके लोक न्यूमनवरच संतापले. मेरीलँडमध्ये तर एका आमदाराने ते रेडिओवर लावू नये म्हणून विधेयक आणायचा प्रयत्न केला. माझी उंची तुला माहीत आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही राग आला होता, कबूल.

लांब कशाला, तू पसरणीचा घाट चढलास की पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्समध्ये फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा शिकला, तिथेच त्याने पोरांचा पहिला बँड काढला, 'द हेक्टिक्स'. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला, 'क्वीन' बँडचा गायक. १९७५च्या 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'त एक मुलगा आईला सांगतो, आई, मी एकाला मारून टाकलं. फ्रेडीने कोणाला मारलं म्हणून पाचगणीत अजून तरी कोणी चौकशीला आलेलं नाही.

आता खरा मुद्दा. हे आपल्याला नवं आहे का? काकू नवरात्रात भजनी मंडळात संत एकनाथांचं कुठलं भारूड म्हणायच्या? 'सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला'. सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडेच खपव. सासू जाच करते, तिला लवकर निर्दाळ. नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. आणि नवऱ्याची तर आहुतीच. तुझी आजी पुढ्यात बसून टाळ वाजवायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय! नाथांना सासू नव्हती का, त्यांना नणंदेच्या पोराचा राग होता का, असं कोणी विचारलं नाही. तेच लावणीचं. राम जोशी, होनाजी बाळा हे सगळे बाप्ये, पण विरहाने झुरणारी बाई होऊन लिहायचे आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

मग इंग्रजी गाण्यातच आपण का फसतो? मी यावर बरेच दिवस डोकं खाजवलं. मला वाटतं, आपल्याकडे मुद्रा आहे. 'एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकटीच राहू दे मला.' शेवटच्या ओळीत नाथ पदराआडून स्वतःचं नाव घेऊन डोकावतात, आणि आपल्याला कळतं की सासू-सासरे म्हणजे मनातले विकार आणि 'एकटी' म्हणजे भक्ताचा जीव. पॉपच्या गाण्याला मुद्रा नसते. कव्हरवर फोटो गाणाऱ्याचा, आवाज त्याचा, 'मी'ही त्याचाच धरला जातो.

म्हणून 'स्टॅन' तू पुन्हा ऐकावंस असं म्हणतो. वाचू नकोस, ऐक. २००० सालचं आहे. गाणं म्हणजे पत्रव्यवहार आहे बाबा, आपल्यासारखा! मागे पाऊस पडतोय आणि कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज येतो. मध्ये मध्ये डायडो नावाच्या बाईंचं शांत धृपद. पहिल्या पत्रात स्टॅन गोड आहे: मी तुमचा मोठा चाहता, उत्तर नाही आलं, हरकत नाही. दुसऱ्यात कुरकुर सुरू: माझा सहा वर्षांचा भाऊ थंडीत ताटकळला, सही दिली नाहीत. तिसरं पत्र नाहीच, तो गाडी चालवत टेपवर ओरडतोय, डिकीतून किंकाळ्या. आणि अगदी पुलाजवळ आल्यावर त्याच्या लक्षात येतं, अरे, ही कॅसेट मी पाठवणार कशी? म्हणजे ती कोणालाच पोचली नाही, फक्त आपण ऐकली.

मग चौथं कडवं. गायक अखेर उत्तर लिहायला बसतो. उशिराबद्दल माफी मागतो, मैत्रिणीला नीट वागव म्हणतो, मी गाण्यात बोलतो ते चेष्टेत रे, तू कोणाला तरी दाखवून घे. लिहिता लिहिता त्याला टीव्हीवर पाहिलेली बातमी आठवते आणि पेन थांबतं. ही मुद्रा नाही तर काय? गाण्यातल्या 'मी'ला खरा मानणाऱ्या माणसाचंच हे गाणं आहे. तुझी काळजी एमिनेमने तुझ्याआधी चोवीस-पंचवीस वर्षं करून ठेवलीय.

पण चिन्मयला सरसकट सूट दे असं नाही म्हणत. हाच एमिनेम 'स्लिम शेडी' नावाचा मुखवटा घालून बायकांबद्दल, समलिंगी लोकांबद्दल जे बोललाय, त्यातलं बरंच नुसतं ओंगळ आहे. तिथे मुखवटा म्हणजे पळवाट वाटते. 'ते मी नाही, पात्र बोलतंय' हे सोयीचंही पडतं. नाथांची सून सासूला मार म्हणते तेव्हा हसू तिच्या फजितीचं येतं. इकडे कधी कधी हसू मार खाणाऱ्यावरच उलटतं. कुठलं गाणं कुठल्या बाजूला, हे पोराबरोबर बसून ऐकल्याशिवाय कळायचं नाही. एक हेडफोन त्याच्या कानात, एक तुझ्या. लाजेल पहिल्यांदा.

आणि त्याला 'ल्यूका'ही ऐकव. शब्द आधी सांगू नकोस.

शेवटचं काम. काकूंचा गुडघा दुखतोय म्हणतोस, तर त्या घरीच असणार. त्यांना विचार की तो रोडगा भवानीला म्हणताना, सासू समोर टाळ वाजवत असताना, त्यातला 'मी' किती नाथांचा होता आणि किती त्यांचा. हसतील आणि उत्तर देणार नाहीत. पण हसल्या कशा, ते मला नीट लिहून कळव, दीड ओळीत नको.

वहिनींना नमस्कार, चिन्मयला आशीर्वाद.

तुझा,
अव्या