तलावाच्या काठी खोल्या नकोत

नागपूर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

अण्णाकाकांच्या गावी तलावाकाठी पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधायचा तुझा बेत, म्हणून आम्ही जागा पाहून आलो. परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, जागा कशी वाटली?" मी "छान आहे" म्हणालो आणि फोन आईच्या हातात दिला. ते काही उत्तर नव्हतं. चौतीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या नोकरीत सगळं कागदावर मांडायची सवय लागली, तोंडी मला सांगता येत नाही. म्हणून हे पत्र.

होळीनंतरच्या शनिवारी निघालो. उमरेडच्या पुढे दोन्हीकडे पळस पेटलेला होता आणि भिवापूर जवळ आल्यावर वाळत घातलेल्या मिरचीचे लालभडक सडे लागले. तुझ्या आईला गाडीची काच खाली ठेवायची हौस. शिंकत शिंकतच आम्ही अण्णाकाकांच्या दारात उतरलो.

तू सारखी 'इस्टेट' म्हणतेस त्याचं हसू येतं. इस्टेट होती ती माझ्या मामांच्या वडिलांची. इंग्रजांनी १८६० नंतरच्या जमीन-महसुलाच्या बंदोबस्तात सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकी दिली आणि १९५० च्या कायद्यानं ती काढून घेतली. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. जंगल आणि तलाव सरकारजमा झाले, घरच्या कसणुकीतली सीर तेवढी राहिली. तीही पुढे जमीनधारणेच्या सीलिंगमध्ये कापली गेली. आज अण्णांकडे बेचाळीस एकर आहे. वाड्याचा मागचा अर्धा भाग पडलाय, पण धान्याचं कोठार मात्र ठणठणीत उभं आहे. त्याच्याबद्दल पुढे लिहितो.

या बेचाळीस एकरांतले सहा-सात एकर नुसते धुरे, म्हणजे शेताचे बांध, आहेत! शेजाऱ्यांनी ट्रॅक्टर आल्यावर धुरे नांगरून वावरात घेतले. अण्णांनी घेतले नाहीत. त्यामुळे त्यांच्याकडे मोह, तेंदू, बेहडा, बिबा, चारोळी अशी झाडं रांगेनं उभी आहेत आणि ती रांग थेट वनखात्याच्या जंगलाला जाऊन भिडते. जनावरांना ही पांदणच झाली. अण्णांना हे कळूनसवरून सुचलं की आळसातून झालं, मला सांगता येणार नाही. त्यांना विचारलं तर म्हणाले, "आळसच समज."

पहाटे त्यांनी मोहाखाली नेलं. लहानपणी मामांकडे मी हे कितीतरी वेळा पाहिलंय आणि तरी विसरलो होतो. अंधार विरळ होत असतो, वारा नसतो आणि वरून टप, टप. पिवळट, रसाळ, बोटाच्या पेरापेक्षाही लहान फुलं. वास गोड, पण जरा आंबूस. तुझ्या आईनं नाकाला पदर लावला आणि मग स्वतःच ओंजळभर वेचली. गावातल्या पाच-सहा बायका टोपल्या घेऊन आल्या होत्या. त्या सारख्या मोठमोठ्यानं बोलत होत्या, उगाच एकमेकींना हाका मारत होत्या. मला वाटलं, भांडण आहे. अण्णांनी सांगितलं, मुद्दाम करतात. खाली वाकून फुलं वेचणारा माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. मोहाच्या दिवसांत अशी माणसं आपल्या भागात दगावली आहेत, म्हणून आता एकटीनं कोणी जात नाही. एरवी फुलं सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि तीच आग पुढे जंगलात पसरते. अण्णांच्या धुऱ्यावर काडी लावायची मनाई आहे. बायका जुनी लुगडी अंथरतात, सकाळी चारही टोकं उचलली की काम झालं. समोरच्या टोकाला चितळांची दोन पिल्लं आमच्यासारखीच फुलं टिपत होती. त्यांना आमचं काही वाटत नव्हतं.

वाघाबद्दल तू विचारणारच. दिसला नाही. पांदणीच्या धुळीत पंजा दिसला, ताजा. राखणदार म्हणाला, "तो रोज येते अन् जाते साहेब, आपल्याले काई म्हणत नाही." कऱ्हांडल्याच्या अभयारण्यातला जय वाघ तुला आठवतो का? नागझिऱ्याहून चालत आलेला, २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्याच्या कॉलरचा सिग्नल बंद पडला आणि मग कधी सापडलाच नाही. त्याचा पोरगा श्रीनिवास नागभीडकडे शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेनं मेला, २०१७ मध्ये. तेही कुंपण डुकरांसाठीच होतं. अण्णांकडे सौर बॅटरीची झटका मशीन आहे. तिचा धक्का क्षणाचा असतो, जनावर दचकून पळतं, मरत नाही. पण रोही, म्हणजे नीलगाय, हुशार. तार कुठे सैल आहे ते त्याला आपल्याआधी कळतं.

अण्णांनी शेतखर्चाची वही दाखवली. बियाणं, खत, मजुरी, डिझेल आणि त्याच्याखाली तितक्याच सरळ अक्षरात 'रोही-डुक्कर'. यंदा त्या रकान्यात जवळजवळ एक एकराचा हरभरा आहे. भरपाईचा अर्ज ते करतात, मिळाली तर तीही लिहितात. तू पाठवलेल्या हिशेबात हा रकाना नव्हता, मनू. मी दोनदा पाहिलं.

आता तलाव. गावाच्या वरच्या अंगाला आहे तो, मामांच्या पणजोबांच्या वेळचा. पाणी अडवणारी मातीची पाळ माझ्या पावलांनी चारशे पावलं भरली. तलाव बांधण्यात वाकबगार अशा कोहळी लोकांनी बांधलेला असा तलाव पाहिला की माझ्यासारख्याची टोपी उतरते. ना नकाशा, ना लेव्हल, उतार नुसत्या डोळ्यानं धरलेला. पाणी सोडायचं दगडी तुडूम, जास्तीचं पाणी जायला कडेला सलंग. आम्ही इतकी वर्षं गोसीखुर्द धरणाच्या कालव्यांत घालवली. १९८८ मध्ये भूमिपूजन झालं तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता, पुढे तो किती फुगला ते तू वर्तमानपत्रात वाचलंच असशील. आणि इथं दोनशे वर्षांचं पाणी अजून उभं होतं.

होतं म्हणतो, कारण तुडूम फुटलंय. पाळीत खेकड्यांची बिळं आहेत, अर्ध्या पात्रात बेशरमाची झुडपं माजलीत. मार्चमध्येच पाणी निम्म्यावर आलंय. तरी त्या निम्म्यावरही संध्याकाळी अडई बदकं होती, कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी होता आणि दिवेलागणीला पलीकडच्या काठावर चितळांचा कळप पाण्यावर उतरला. एप्रिल संपता संपता तलाव कोरडा पडतो. मग हीच जनावरं गावाच्या विहिरीकडे येतात, आणि त्यांच्यामागे तो रोज येणारा.

एक गोष्ट तुझ्या आईलाही मी तिथेच पहिल्यांदा सांगितली. नव्वदच्या दशकात याच तुडुमाच्या दुरुस्तीचा अर्ज फिरत फिरत माझ्या टेबलावर आला होता. गाव कुणाचं, तलाव कुणाचा, मला ठाऊक होतं. शंभर हेक्टरच्या आतलं सिंचन आमच्या कक्षेत येत नाही, एवढी एक ओळ लिहून मी तो परत पाठवला. नियमानं ते बरोबरच होतं. नातेवाइकाचं काम केलं असं कुणी म्हणू नये, हेही मनात होतं. योग्य टेबल कोणतं, हे मात्र मी अण्णांना कधी सांगितलं नाही. एवढं तरी करता आलं असतं. अण्णांकडे ते पत्र अजून आहे. त्यांनी ते काढून दाखवलं नाही, काकूंनी दाखवलं.

तर, तुझ्या चार खोल्या. तलावाच्या काठावर नकोत. काठ आपला नाही, सरकारचा आहे आणि मासेमारी ढिवरांच्या, म्हणजे मच्छीमारांच्या, संस्थेकडे आहे. तुझ्या नकाशात जिथं व्हरांडा आहे तिथून भर पावसात सलंगचं पाणी वाहतं, मी गवतावरची रेघ पाहिलीय. आणि रात्री तिथं दिवे लागले की पाण्यावर कोण उतरणार? त्यापेक्षा कोठार बघ. दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, सागाची तुळई, दार पूर्वेला. त्यात तीन खोल्या होतील. चौथी विसर. जो पैसा वाचेल त्यातून आधी तुडूम. त्याचे अर्ज, परवानग्या, ग्रामपंचायतीचा ठराव हे सगळं मी करतो. या कामातलं योग्य टेबल आता मला नक्की माहीत आहे.

अण्णांना तुझी कल्पना आवडलीय. फक्त पाहुणे मोठ्यानं गाणी लावतील का, एवढंच त्यांनी विचारलं. मी तुझ्या वतीनं नाही म्हणून आलोय.

काकूंनी दोन किलो मिरची दिलीय, तुझा वाटा काढून ठेवलाय. मे महिन्यात तलाव पूर्ण आटला की पाळीची लेव्हल घ्यायची आहे. माळ्यावरची डम्पी, लेव्हल घ्यायची दुर्बीण, काढून पुसून ठेवलीय. समोर मोजपट्टीचा स्टाफ धरायला माणूस लागेल. लहानपणी तू तो उलटा धरायचीस.

तुझे
बाबा