चाचा, तुम्ही आईला स्टूल दिला

चाचा, सलाम.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेल. तुमचं नाव आणि गॅरेजचा पत्ता लिहू नको, असं तुम्ही बजावलंत. "गर्दी झाली का काम बिघडते." म्हणून लिहीत नाही. परतवाड्यातल्या जीपवाल्यांना आणि ट्रॅक्टरवाल्यांना तरीही कळेलच.

गाडीचे ब्रेक दुरुस्त करून घेऊन निघताना मी तुमचे आभार मानायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. तुम्ही हात पुसत "जा, जा, बाई बसली गाडीत" म्हणालात. तेव्हा राहून गेलेलं आज लिहून काढतो.

नवरात्र संपल्यावर आईला घेऊन चिखलदऱ्याला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. येताना वाटेतल्या मोथा गावात गवळ्याकडून खवा घेतला आणि धामणगाव गढीच्या बाजूनं घाट उतरायला लागलो. गाडी तुम्ही पाहिलीच आहे. 2018 ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, सेकंडहँड, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद 230 पीएस. पुण्यातली नोकरी सोडून संत्र्याच्या बागेत परतलो तेव्हा एवढी एकच हौस सोबत आणली होती. अर्ध्या घाटात जळका वास आला. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पेडल खालीच जात राहिलं. दोन-तीनदा पंप केलं, गिअर खाली ओढला आणि डोंगराच्या अंगाला नालीत चाक घातलं, तेव्हा कुठे गाडी थांबली. आईच्या मांडीवरचा खवा पायाशी सांडला होता. ती ओरडली नाही, रडली नाही. घरी आल्यावर फक्त म्हणाली, "आता मी एसटीनंच जात जाईन."

आणि ती गेली. मोतीबिंदूच्या तपासणीसाठी दोन महिने अमरावतीला एसटीनं गेली. ऑपरेशन झाल्यावर, डोळ्यावर काळा चष्मा असतानाही एसटीनंच. बसस्टँडवर सोडायलासुद्धा मोटरसायकल लागायची, कारण त्या गाडीत ती पाय ठेवत नव्हती. आपल्याच आईला आपल्या हातावर भरवसा उरलेला नाही, हे रोज सकाळी डोळ्यांसमोर असायचं. ते कसं वाटतं, ते मला इथे लिहिता येत नाही.

तुमच्याकडे येण्याआधी मी तीन ठिकाणी गेलो होतो. पहिलं ठिकाण म्हणजे शहरातलं मोठं वर्कशॉप. त्यांनीच उन्हाळ्यात पुढचे ब्रेक पॅड, म्हणजे चाकाच्या डिस्कला दाबून धरणारे तुकडे, बदलले होते. "सर, फास्ट गाडी आहे, रेसिंग कंपाउंडच पाहिजे," असं म्हणून ट्रॅकवरच्या गाड्यांचे बसवलेले. मी वास आणि पेडलबद्दल सांगायला गेलो, तर एसी खोलीत कॉफी मिळाली आणि उत्तर मिळालं, "ह्या पॅडच्या वर काही नाही सर, तुम्ही ब्रेक जास्त वापरला असेल." दुसऱ्यानं चाक न काढताच सांगितलं की डिस्क वाकल्यात, चारही बदला. तिसरीकडे आईही हजर होती. तिथला सुपरवायझर तिच्याकडे पाहून हसला. "आजी, घाटात भीती वाटली काय?" तिघांपैकी एकालाही त्या पेडलखाली काय झालं ते सांगता आलं नाही, आणि आईला काही सांगावं असं तर कुणाच्या मनातही आलं नाही. तो हसलेला चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

मग एका जीपवाल्यानं तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते हे: "हे गाडी मी कधी उघडली नाही. पण ब्रेक तं ब्रेकच हाय. पाऊ दे." तीन ठिकाणी फिरून आलेल्या माणसाला असं कुणी सांगितलं की छातीवरचं ओझं उतरतं. ज्याला माहीत नाही असं म्हणता येतं, त्याच्या "माहीत आहे" वरही विश्वास बसतो.

तुम्ही काय काय केलंत त्याचा पाढा वाचत नाही. पण जे सापडलं ते सांगतो, कारण माझ्यासारखी हौस असलेले आणखी काही जण इकडे आहेत. डाव्या पुढच्या चाकाचा आतला पॅड जवळजवळ पत्र्याला टेकला होता आणि बाहेरचा निम्मा शिल्लक होता. पॅड दाबणारा कॅलिपर ज्या पिनवर सरकतो, ती पिन जाम झाली होती. आधीच्या माणसानं तिथे साधं ग्रीस चोपडलं होतं, त्यानं रबर फुगलं आणि पिन सरकेनाशी झाली. त्यामुळे घाटभर तो पॅड डिस्कला घासतच राहिला. ब्रेक ऑइल जुनं होतं. डीओटी 4 दर्जाचं ऑइल नवं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा पीत राहतं आणि ओलं झालं की ही हमी 155 पर्यंत खाली येते. रेसिंग पॅडनं तो ताप सोसला, पाठीमागचं ऑइल उकळलं, नळीत वाफ झाली. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली गेलं.

घरी येऊन मी हिशेब मांडला. चिखलदऱ्याहून पायथ्याला यायचं म्हणजे सुमारे 700 मीटर खाली. दीड टनाची गाडी तेवढी उतरते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी, तिच्यावर तीस लिटर थंड पाणी खळखळा उकळेल. थोडी वारा खातो, थोडी इंजिन खातं. बाकी सगळी चार डिस्कवर येते. हे कळल्यावर मला रात्री झोप आली नाही.

डिस्क बदलायचा विषय निघाला तेव्हा तुम्ही डिस्कवर कोरलेली कमीत कमी जाडी नातवाला वाचायला लावलीत, मापून पाहिलंत आणि म्हणालात, "लय जीव हाय यात. काहून पैसे फेकतं?" मागच्या पॅडनाही हात लावला नाहीत. बदलायचे होते ते फक्त पुढचे पॅड. मी परत एकदा महागडे, ट्रॅकवाले म्हणालो. त्यावर तुम्ही जे विचारलंत ते मला कोणत्याही माहितीपत्रकात सापडलं नव्हतं. "सकाळी घरून निघाला का पहिला ब्रेक कोठी मारतं?" मी म्हणालो, फाट्यावर. कापसाची बैलबंडी नाहीतर शेळ्या असतात. "मंग? बकरी काय पॅड गरम व्हायची वाट पायते?"

तेवढ्यात सगळं आलं. ट्रॅकवरचा पॅड तापल्यावर धरतो आणि ट्रॅकवर तो तापलेलाच असतो. डिसेंबरात पहाटे गावातून निघणाऱ्या गाडीला थंड असताना पकडणारा, आणि घाटात तापल्यावरही न सोडणारा पॅड हवा. पॅडच्या कडेला छापलेली दोन अक्षरं तुम्ही दाखवलीत. पहिलं साध्या तापमानाच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरचं. एफएफ घेतले, थंड-गरम दोन्हीत सारखे. पॅड आणि पिनचे रबर तुम्ही अमरावतीहून मागवले आणि दुसऱ्या दिवशी मी परत आलो. आई तपासणीहून परत येऊन एसटीतून उतरली आणि थेट तुमच्या दुकानासमोर माझी वाट पाहत उभी राहिली.

आणि आता ते, ज्याच्यासाठी हे पत्र आहे.

तुम्ही चाकापाशी बसला होतात. आईकडे पाहिलंत, उठलात, आतून तो निळा प्लास्टिकचा स्टूल आणलात, फडक्यानं पुसलात आणि उघड्या चाकाशेजारी ठेवलात. "बाई, इकडं या. तुमी बसनार हा गाडीत, तुमाले पाहाले पायजे." जुना पॅड तिच्या एका हातात दिलात, नवा दुसऱ्या हातात. तिचं बोट धरून जाडी दाखवलीत, कारण तिला अजून नीट दिसत नव्हतं. "हा झिजला. हा अडकला होता. पोराची चूक नाही, तुमची बी नाही, गाडीची बी नाही. पिन अडकली होती, आता सरकते. पाहा." आणि तिच्याच हातानं ती पिन मागेपुढे सरकवून दाखवलीत. आई इतका वेळ काही बोलली नव्हती. ती म्हणाली, "म्हणजे मी उगाच नाही भ्यायले?" तुम्ही म्हणालात, "नाही बाई. भ्याले ते बरोबरच भ्याले."

तीन दुकानांत माझ्याशी बोलणारे बरेच भेटले. तिच्याशी बोलणारे तुम्ही एकटे. घाबरली होती ती, उत्तर तिलाच हवं होतं, हे मुलगा असून माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

ब्रेकच्या नळीतली हवा काढून झाल्यावर तुम्ही मला घेऊन अंजनगावच्या रिकाम्या रस्त्यावर गेलात. ताशी ऐंशीवरून वीसपर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक. मग ब्रेकवर पाय न ठेवता हळूहळू गाडी गार होऊ दिलीत. परत आलो तर आई स्टूलवरच बसलेली, तुमच्या घरचा चहा पीत. तिनं कप ठेवला, तुम्हाला नमस्कार केला आणि काही न बोलता पुढच्या सीटवर जाऊन बसली. याच वेळी माझा आवाज फुटला नव्हता.

पैसेही तुम्ही सामानाचे आणि मजुरीचे तेवढेच घेतलेत, ट्रॅक्टरवाल्याला लावता त्याच भावानं. गाडी कोणती आहे हे पाहून भाव बदलत नाही असं कुणी असतं, हे मी पुण्यात विसरून गेलो होतो. आमच्या भागात अशी माणसं अजून आहेत. त्यांच्या दुकानावर मोठी पाटी नसते, म्हणून आम्ही त्यांना सगळ्यात शेवटी शोधतो. माझ्याच हातून तसं झालं.

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा चिखलदऱ्याला गेलो. आई स्वतःहून म्हणाली, खवा राहिला होता त्या दिवशी. उतरताना घाटाच्या तोंडाशी मी अजून वरच्याच गिअरमध्ये होतो. तिनं माझ्या हातावर टपली मारली. "गिअर खाली टाक आधी. चाचानं सांगतलं हाय, ज्या गिअरात चढली त्याच गिअरात उतरव."

मृग बहराची संत्री उतरायला लागलीत. एक पेटी आईनं तुमच्यासाठी बाजूला काढली आहे, ती घेऊन येते आहे. तिला नाही म्हणू नका.

तुमचा,
परतवाड्याजवळचा एक संत्रा बागायतदार