नऊ महिन्यांच्या लसीबरोबरच बाळाचे रक्तही तपासावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलांमधील रक्तक्षयाकडे (ॲनिमियाकडे) ‘मूल जरा अशक्त आहे’ एवढ्याच नजरेने पाहिले जाते, हे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून काम करताना मी सतत अनुभवले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण 2015-16 मध्ये 53.8 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 68.9 टक्क्यांवर गेले. जगभरात हेच प्रमाण सुमारे 40 टक्के आहे.

या आजाराची सुरुवात जन्माआधीच होते. बाळाला लोहाचा साठा मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून मिळतो. आईचे लग्न कोवळ्या वयात झालेले असेल, पाठोपाठच्या बाळंतपणांनी तिचेच रक्त कमी झालेले असेल किंवा बाळ दिवस भरण्याआधी जन्मले असेल, तर ही शिदोरी तोकडी पडते आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास, कधी त्याआधीच, संपते. नेमक्या त्याच काळात बाळाच्या वाट्याला वरणाचे पाणी, भाताची पेज, नाहीतर चहात बुडवलेले बिस्कीट येते. चहामुळे तर अन्नातील लोह अंगी लागणे आणखी कमी होते. घट्ट वरणावर पिळलेले लिंबू किंवा हंगामात दोन चमचे संत्र्याचा रस एवढ्यानेही फरक पडतो, आणि संत्र्यांच्या या नागपूर जिल्ह्यात ते प्रत्येक आईला सांगितले गेले पाहिजे. पुढे मूल अनवाणी खेळू लागले की मातीतील हुकवर्मसारखे जंत शिरतात आणि आतड्यातून रक्त शोषतात. मेंदूची वाढ सर्वाधिक वेगाने होण्याची पहिली दोन वर्षे अशी लोहावाचून गेली, तर नंतर औषध देऊनही सगळे नुकसान भरून निघतेच असे नाही.

विदर्भात याच्या जोडीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि माझ्या मते इथेच आपण सर्वाधिक चुकतो. फिकट दिसणारे, वारंवार तापाने आजारी पडणारे, हातपाय सुजणारे मूल सिकलसेलचे असू शकते. त्याचे रक्त कमी होते ते लाल पेशी लवकर फुटत असल्यामुळे. लोहाची कमतरता सिद्ध झाल्याशिवाय अशा मुलाला डॉक्टर सहसा लोह देत नाहीत. लोह कमी असलेले आणि सिकलसेलचे, अशी दोन्ही मुले वरून सारखीच दिसतात, उपचार मात्र वेगळे.

‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात पाच वर्षांखालील बालकांना आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर लोहाचे सिरप देण्याची तरतूद आहे. ती चांगलीच आहे. परंतु शी काळी झाली की घरची मंडळी घाबरून औषध बंद करतात, कारण असे होणे साहजिक असते हे त्यांना कुणी आधी सांगितलेले नसते. बाटल्या किती वाटल्या याचा हिशोब राहतो, बाळाचे हिमोग्लोबिन वाढले की नाही याचा राहत नाही.

माझी सूचना अशी की, गोवर-रुबेलाच्या लसीसाठी नवव्या महिन्यात बाळ केंद्रावर येतेच, त्याच वेळी नागपूर शहर व जिल्ह्यातील प्रत्येक लसीकरण केंद्रावर त्याचे हिमोग्लोबिन मोजावे आणि सिकलसेलची प्राथमिक चाचणीही करावी. सहा महिन्यांखालील बाळात सिकलसेलची ही प्राथमिक, म्हणजे सोल्युबिलिटी, चाचणी भरवशाची नसते, म्हणूनही नववा महिना योग्य आहे. चाचणी सकारात्मक आल्यास खात्रीसाठी नमुना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतील तपासणीला पाठवावा. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाशी याची सांगड घालणे अवघड नाही. आईची तपासणीही त्याच बैठकीत व्हावी, आणि दोघांच्या नोंदी माता व बाल संरक्षण कार्डावरच कराव्यात, जेणेकरून वीटभट्टीच्या किंवा बांधकामाच्या कामासाठी गाव बदलणाऱ्या कुटुंबालाही पुढच्या केंद्रावर नव्याने सुरुवात करावी लागणार नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका, नागपूर