‘मिसफायर’ नव्हे, गोळी सुटली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात, लग्नात किंवा गाडीत कुणाच्या तरी परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली की मथळा ठरलेला असतो : ‘मिसफायर’. एकट्या आपल्याच नव्हे, सगळ्याच पेपरांत. मी 17 वर्षं सैन्याच्या ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या विभागात, आर्मरर होतो. हत्यारं तपासायची, दुरुस्त करायची, हेच काम. आमच्याकडे मिसफायर म्हणजे चाप ओढला, मागचा हातोडीसारखा घोडा पडला आणि काडतूस पेटलंच नाही. तुम्ही छापता ते बरोबर उलटं. म्हातारा शब्दाचा कीस पाडतोय असं वाटेल, वाटू दे. पण त्या शब्दाने सगळं खापर हत्यारावर फुटतं आणि ते बाळगणारा नामानिराळा राहतो. म्हणून हे पत्र.

निमित्त गेल्या रविवारचं. ठाण्यातल्या उपवन तलावाच्या कट्ट्यावर चहा घेत होतो. आमच्या सोसायटीतला एक मुलगा सायकल टेकवून शेजारी बसला आणि मोबाइलवर फोटो दाखवला. त्याचा मामेभाऊ अमेरिकेत मोंटानाला असतो. कमरेला कातडी होल्स्टर, त्यात लांब नळीचं, वाकड्या मुठीचं रिव्हॉल्व्हर, मागे डोंगर. ‘‘काका, असलं आपल्याकडे मिळतं का? पहाटे येऊरला जातो ना, बिबट्याची धाकधूक असते. आणि रात्री शिफ्टवरून येताना पण बरं.’’

फोटो मोठा करून बघितला. सिंगल ॲक्शन. मुंबईकडे ‘घोडा’ म्हणजे आख्खं पिस्तूल. आम्ही घोडा म्हणतो तो मागचा हातोडीसारखा भाग, आणि बोटाने ओढायचा तो चाप. सिंगल ॲक्शनमध्ये दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे चढवावा लागतो, चाप फक्त तो सोडतो. डबल ॲक्शनमध्ये चापच घोडा चढवतो आणि पाडतो, म्हणून तो ओढायला जड. फोटोतल्यासारख्या हत्यारांचा मूळपुरुष म्हणजे 1873 चं कोल्ट. त्याच्या घोड्याच्या नाकालाच टोक असतं आणि घोडा खाली असला की ते टोक थेट काडतूस पेटवणाऱ्या टोपीवर टेकतं. हत्यार घोड्यावर आपटलं तर बार झालाच म्हणून समजा. अडकवायला एक खाच असते, पण तिच्यावर जाणत्याने कधी भरवसा ठेवला नाही. म्हणून तिकडचे जुने लोक चक्रीच्या सहा घरांत पाचच काडतुसं ठेवत. भरायचीही रीत आहे : एक भरा, एक घर सोडा, चार भरा, घोडा पूर्ण ओढा आणि अंगठ्याने धरून हळूच उतरवा. तो आपोआप रिकाम्या घरावर येतो. मुलाला हे चहाच्या ग्लासाभोवती बोट फिरवून दाखवलं. पुढे 1973 मध्ये रुगर कंपनीने असल्याच रिव्हॉल्व्हरांत घोडा आणि काडतुसाला ठोका देणारी पिन यांच्यामध्ये एक पट्टी घातली. चाप पूर्ण ओढलेला असेल तरच ती वर येते आणि ठोका पिनपर्यंत पोचतो. म्हणजे ‘पाचच भरा’ हा शहाणपणा यंत्रात उतरायला शंभर वर्षं लागली.

आमच्या मुरबाडकडच्या आजोबांना मात्र तो कुणी शिकवावा लागला नव्हता. रानडुकरांसाठी त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, पीक राखण्याच्या परवान्यावर. बांधावरून चालताना केप, म्हणजे बार पेटवणारी टोपी, कधी बंदुकीवर नसायची. पानाच्या चंचीत, चुन्याच्या डबीशेजारी असायची. डुक्कर समोर आलं की मगच केप चढायची. तेवढ्यात डुक्कर निघूनही जायचं, आणि आजी म्हणायची, ‘‘गेलं तर गेलं.’’

आता माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट. निवृत्तीनंतर मी काही वर्षं ठाण्यात कॅश व्हॅनवर गार्ड होतो. 2007 चा पावसाळा. बाकी आम्हा सगळ्यांकडे बारा बोअरच्या बंदुका, एका सहकाऱ्याकडे मात्र वडिलांकडून वारसाने आलेलं जुनं विलायती .32 रिव्हॉल्व्हर. होल्स्टर नाही, पँटच्या पट्ट्यात खोचलेलं, वरून शर्ट. वागळे इस्टेटमध्ये एका बँकेच्या मागच्या आवारात तो बुटाची नाडी बांधायला वाकला. फरशीवर खणकन आवाज आणि त्यातच बार. गोळी व्हॅनच्या मडगार्डमधून आरपार. तिथून हातभर अंतरावर ड्रायव्हर उकिडवा बसून मावा मळत होता. तो उठलाच नाही, कितीतरी वेळ तसाच तळहात उघडा धरून बसला. मी रिव्हॉल्व्हर उचललं, चक्री उघडली. सहा घरं, सहा काडतुसं, घोड्याखालचं तेवढं जळलेलं. मोटर ट्रेनिंग स्कूलच्या पोराला कळावं इतकं साधं प्रकरण. आमच्या एजन्सीने रिपोर्टात काय लिहिलं? ‘मिसफायर’. माणूस आठवड्याने परत कामावर, रिव्हॉल्व्हर परत पट्ट्यात.

म्हणून 1 ऑक्टोबर 2024 ला पहाटे अभिनेते गोविंदा यांना स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली तेव्हा लोकांनी विनोद केले, मला हसू आलं नाही. कोलकात्याला निघताना ते कपाटात ठेवत होते आणि हातातून निसटलं, असं छापून आलं होतं. मी मोबाइल खाली ठेवला आणि उठून आधी माझं स्वतःचं काढून बघितलं. कानपूरचं .32, सातशे ग्रॅमचं, 26 वर्षं माझ्याकडे आहे. डबल ॲक्शन असलं तरी अंगठ्याने घोडा चढवून सिंगलही चालतं. खरा धोका तिथेच. घोडा चढवला, चाप हलका झाला, आणि मग गोळी मारायची वेळच आली नाही तर? चढवलेला घोडा उतरवायचा कसा, हे किती परवानाधारकांना येतं? नळी मोकळ्या जमिनीकडे, अंगठा घोड्यावर घट्ट, चाप जरासा दाबून घोडा मुंगीच्या पावलाने खाली, आणि घोडा सुटल्याबरोबर बोट चापावरून बाहेर. पावसाळ्यात ओल्या अंगठ्याने मी आजही हे करत नाही. आधी हात पुसतो.

बिबट्याचं त्या मुलाला स्पष्टच सांगितलं. येऊरचं रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, कलम 31 : लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन आत जाता येत नाही. पोलिसांचा परवाना खिशात असला तरी नाही. त्याच्या मामेभावाकडचे कायदे निराळे. तिकडे फेब्रुवारी 2010 पासून राष्ट्रीय उद्यानांत त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे हत्यार बाळगता येतं. मुलूखही अस्वलांचा. तरी तिथलं उद्यान खातं आधी सोबत ठेवायला सांगतं तो अस्वलावर मारायचा तिखटाचा फवारा. आणि आपल्या .32 ची गोळी जेमतेम सहा ग्रॅमची. तिने बिबट्या मरायचा नाही, जखमी होऊन पाड्यावर मात्र जाईल. पाड्यावरची माणसं अंधारात बॅटरी घेऊन, मोठ्याने बोलत, जोडीने जातात. त्यांना विचार, म्हटलं.

अशा वेळी वाटतं, याच्यासारखे तरी विचारतात. विचारत नाहीत ते घोडबंदर रोडच्या हॉटेलांत दिसतात. बिल देताना शर्ट असा काही सरकतो की मूठ सगळ्यांना दिसावी. शस्त्र नियम 2016 मध्ये स्वच्छ लिहिलंय की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवं. लग्नात, मिरवणुकीत ते नुसतं मिरवलं तरी परवाना जाऊ शकतो. हवेत बार काढला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली. म्हणजे तपासणीची संधीही तेवढी लांबली.

आणि तपासणीत होतं काय? मी इतक्या वेळा नूतनीकरण केलं. नंबर बघतात, काडतुसं मोजतात, कागदांवर शिक्के मारतात. ‘होल्स्टर दाखवा’ असं मला आजवर कुणी म्हणालेलं नाही. भरून, रिकामं करून दाखवा, घोडा उतरवून दाखवा, हे तर लांबच. नियमांत हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे. ते नव्या अर्जदारांपुरतं न ठेवता दर नूतनीकरणाला डमी काडतुसांवर दहा मिनिटांची परीक्षा घ्यावी. मी नापास झालो तर माझंही जमा करून घ्या. 2024 मध्ये निवडणुकांपायी दोनदा जमा केलंच होतं, मेमध्ये लोकसभेला आणि नोव्हेंबरात विधानसभेला. दुसऱ्या वेळी ते ताब्यात घेणाऱ्या तरुण शिपायाने पहिलं काय केलं असेल? चापात बोट घालून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. मी आधीच उघडून रिकामं दाखवलं होतं, तरीही माझी मान आपोआप खाली गेली. तो हसला. ‘‘काका, रिकामं आहे ना!’’

संपादक महोदय, परीक्षा सुरू करणं सरकारच्या हातात आहे. तुमच्या हातात मथळा आहे. पुढच्या वेळी ‘मिसफायर’ न छापता ‘रिव्हॉल्व्हर पडून गोळी सुटली’ असं छापा, आणि तुमच्या बातमीदाराने एक प्रश्न जास्त विचारावा : होल्स्टर होतं का?

कळावे,
एक निवृत्त आर्मरर,
कळवा, ठाणे
(विनंतीवरून नाव छापू नये)